सातही गोळ्या शिल्लक

१४ जुलै १९९८, मंगळवार. दुपार.
ज्योत्स्ना सोमवारी धुळ्याला हॉस्टेलवर जाणार. मी अजिबात घाबरलेली नाही. मुलगी कॉम्प्युटरवर कसला गेम खेळते हे आईने बघायला हवं, म्हणून शेजारी बसते, एवढंच. ओसाड हवेली, अंधारे जिने, कुठूनही मढी चालत येतात. पहिलं मढं आलं तेव्हा मी ज्योत्स्नाचा हात धरला. तिला आधार म्हणून.

बुधवार
पिस्तुलात सातच गोळ्या. मी विचारलं, कंपनीला परवडत नाही का? ज्योत्स्ना म्हणाली, "मम्मी, मुद्दाम कमी देतात. भरपूर मिळाल्या तर भीती कोणाला वाटेल?" म्हणजे बनवणाऱ्याला संसार कळतो.
आता मी स्वतः खेळते. मढं दिसलं की पळते. गोळ्या शेवटच्या मोठ्या राक्षसासाठी.
दर शनिवारी घरी येत जा, असं ज्योत्स्नाला सांगायचंय. आज नको. चांगली वेळ बघून.

गुरुवार
अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाटातून माझ्या लग्नातला कपबशांचा सेट काढला. अजून खोक्यात आहे. मी म्हटलं, असू द्या, पाहुणे आले की काढू. अक्का म्हणाल्या, "पोर धुयाले चालनी. आते कोनता पाव्हना येवाव शे वं?"
पोरगी धुळ्याला चालली, आता कोणता पाहुणा यायचाय, हा त्यांचा सवाल. मी खोकं परत वर ठेवलं.

शनिवार
जिन्यावरच्या दारामागे कोणीतरी श्वास घेतंय. मला घरातही ऐकू येतो, भाजी चिरताना. ज्योत्स्ना वैतागली. "अगं, दार उघड ना! त्याशिवाय गेम पुढे जात नाही."
मला घाई नाही. पुढे नाही गेला तरी चालेल.

रविवार. संध्याकाळ.
दार उघडलं. मोठा राक्षस. ज्योत्स्ना ओरडतेय, "मार, मम्मी, मार!" मनात आलं, याच्यामागे आणखी मोठा असला तर? तेवढ्यात त्याने मला खाल्लं.
माझं धोरण चुकलं नाही. तो लवकर आला.
ज्योत्स्ना हसून हसून लोळली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. तेव्हाच सांगणार होते. पण म्हटलं, उद्या स्टँडवर सांगू. बस सुटताना सांगितलेलं लक्षात राहतं.

सोमवार
गाडी फलाटाला लागली. ज्योत्स्नाने खिडकीतून दोनदा विचारलं, "मम्मी, काही म्हणायचंय का?" मी म्हटलं, वेळेवर जेव. कंडक्टरने बेल मारली.
घरी आले तर अक्कांनी खोकं फोडून नव्या कपांत चहा ओतला होता. म्हणाल्या, "पी वं." मी माझा चहा स्टीलच्या पेल्यात ओतून घेतला, कप धुऊन, पुसून परत ठेवला.
घर फार शांत आहे. दारामागे कोणी नाही, दोनदा बघून आले.
दिवाळीला ती येईलच. तेव्हा सांगेन. घाबरण्यासारखं काही नाही, सगळं अजून माझ्याजवळ जसंच्या तसं शिल्लक आहे.