बॅटरीजवळ चांदी नको

अल्माटी

प्रिय आई,

तुझ्या चुलीशेजारी बसून बोलतोय असं समज. मी ठणठणीत आहे.

मी जिचं काम शिकतोय, त्या विमानातल्या विजेला भिऊ नकोस. बॅटरी चोवीस व्होल्टची, म्हणजे विजेला मागून रेटा अगदी थोडा. माणसाला झटकाही बसत नाही. विमानाच्या पोटाखाली उताणा झालो की तारांतून आपल्या पाटाचं पाणी वाहताना दिसतं आणि हात तसेच थांबतात. मग आमचा उस्ताद साबिर ओरडतो.

काल पहिल्यांदाच मला एकट्याला बॅटरी जोडायला दिली. माझ्या गळ्याकडे बघून उस्ताद म्हणाला, "काय नवरदेव, चांदी घालून बॅटरीशी लग्न लावतोस? काढ ती साखळी, नाहीतर जा घरी!"

"ताविजाची आहे, उस्ताद. आईनं काढू नको म्हटलंय."

त्यानं आपलं बोट दाखवलं. अंगठीच्या जागी भाजल्याचा गोल वण होता. चांदी विजेला अडवतच नाही. बॅटरीच्या दोन्ही टोकांना ती टेकली, की रेटा थोडा असूनही सगळा प्रवाह तिच्यातून धावतो आणि ती लाल होते.

मी साखळी काढली, आई. रागावलीस का?

ताविजासाठी करड्या घोडीच्या केसांची दोरी वळून पाठवशील? केसांतून वीज जात नाही. घोडीचं शिंगरू कसं आहे? बाबांचा खोकला?

दोरी येईपर्यंत तावीज दाराशी टांगलेल्या कोटाच्या खिशात आहे. काम करताना मान वळवून बघतो, तर वाटतं, माझा कोट घालून तूच दारात उभी आहेस.

तुझाच,
तालाय