तीस दिवसांची मुभा

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

एफडीला हप्ता असतो का? नसतो! मग आज मोबाइलवर "पुढील वार्षिक हप्ता रु. १,००,०००" असा मेसेज कशाला आला?

खालच्या मजल्यावरच्या विजयश्रीला दाखवला. तळवड्याची कंपनी बंद होईपर्यंत सात वर्षं आम्ही दोघी एकाच लाइनवर होतो. तिनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "सोनल, ही एफडी नाही गं. विमा आहे. बारा वर्षं भरायचाय!"

बारा वर्षं. दर वर्षी लाख. आणि मला सध्या पगारच नाही!

१५ नोव्हेंबर

लिहूनच काढते, नाहीतर भांडी आपटत बसेन.

भाऊबीजेला निघोज्याहून मारुतीमामा आले. सासूबाईंचे सख्खे भाऊ. ओवाळून झालं, निरांजन अजून जळत होतं, तेवढ्यात मामांनी ताटाशेजारी फॉर्म ठेवला. "सूनबाई, यंदा ओवाळणी म्हनून तुजं पैसं डबल करून देतो. एफडी हाय. वर्षानं काढ, न्हाईतर पाच वर्षांनी." सगळं घर बघत होतं. ओवाळणीच्या ताटासमोर कोण कागद वाचत बसतं? केल्या सह्या. ग्रॅच्युइटी आणि पीएफमधून उरलेल्या लाखाचा चेक दिला.

त्या लाखात सीट कव्हर शिवायची दोन मशिनं येणार होती. चाकणच्या एका दुकानदारानं काम द्यायचं कबूलही केलंय, फक्त जानेवारीच्या आत मशिनं दाखव म्हणाला.

न वाचता सही केली ही चूक माझी. पण पैसेही माझेच!

१६ नोव्हेंबर, रविवार

विजयश्रीबरोबर तीन तास शब्दच शिकले. सम अ‍ॅश्युअर्ड म्हणजे मी मेल्यावर घरच्यांना मिळणारी रक्कम. छान! मशिनं मला जिवंतपणी हवीत. लॉक-इन म्हणजे पैसे आपले, कुलूप त्यांचं. सरेंडर व्हॅल्यू म्हणजे मधेच सोडलं तर हातावर टेकवतात ते — म्हणजे प्रसाद! कमिशन म्हणजे मामांचा नवा मोबाइल.

शब्द अवघड नाहीत. एका लाइनवर बावीस रंगांच्या वायरी लक्षात ठेवल्या, हे काय मोठंसं. आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

१७ नोव्हेंबर

नवऱ्याला सांगितलं. गणराज म्हणाला, "सोड ना. मामा आहे. आईला काय वाटेल?"

मला काय वाटेल, हे कुणी विचारलं का?

१८ नोव्हेंबर

सापडला! एक शब्द आपल्या बाजूचा निघाला. फ्री लूक. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत नको म्हणता येतं, किरकोळ कापून पैसे परत. साडी घरी नेऊन उजेडात बघायची आणि रंग पटला नाही तर परत करायची, तसंच.

कागद ३ नोव्हेंबरला कुरिअरनं आलेत. म्हणजे ३ डिसेंबर शेवटचा दिवस. पण कागद आहेत कुठे? सासूबाई म्हणाल्या, "भावाकडं दिलं. त्याच्या कपाटात नीट ऱ्हातंय. माज्या पाटल्या न्हाईत का तितं?"

पाटल्यांचं मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. सणालासुद्धा त्यांच्या हातात काचेच्याच बांगड्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

एकटी निघोज्याला गेले. मामा म्हणाले, "कपाटाची किल्ली सापडंना." म्हटलं, थांबते.

मग सुरू झालं. "तुमच्या लग्नात गणराजच्या पाठीशी मामा म्हनून मीच हुबा व्हतो. माज्यावर संशय?" म्हटलं, मामा, संशय नाही, कागद हवेत. "आमी काय परकं हाय का?" म्हटलं, नाही, म्हणून तर हक्कानं बसलेय.

चहा आला, प्यायले. जेवायला वाढलं, पोटभर जेवले. मामी झोपल्या, उठल्या. साडेचारला किल्ली सापडली. मामांच्याच खिशात!

निघताना म्हणाले, "बहिनीचं घर मला बंद करायला निघालीस तू." बसमध्ये रडू आलं. पण कागदांची पिशवी सोडली नाही.

२४ नोव्हेंबर

चिंचवडची शाखा. काउंटरवरचा म्हणतो, "मॅडम, चांगला प्लॅन आहे, परत का करता?" अर्जात कारणाची जागा होती. मोठ्या अक्षरात लिहिलं — मला एफडी सांगितली, विमा दिला. मला नको. "पोच उद्या देतो," म्हणाला. मी हलले नाही. खुर्चीवर बसून राहायचा सराव कालच झालेला! शिक्क्यासकट पोच घेऊनच उठले.

सासूबाई बोलत नाहीत. जेवणसुद्धा वेगळं घेतात.

२ डिसेंबर

पैसे नाहीत, शाखेतून फोन नाही. मामांनी गणराजला फोन करून सांगितलं म्हणे, पैसे बुडणार. रात्री भांडी मात्र त्यानं घासली.

१७ डिसेंबर, बुधवार

आले! अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीस! बाकीचे स्टॅम्प ड्युटीत आणि तेवढ्या दिवसांच्या विम्यात गेले. जाऊ देत, अक्कलखाती. विजयश्रीला जिन्यातच मिठी मारली. घरात मुद्दाम मोठ्यानं आकडा सांगितला. सासूबाई मेथी निवडत होत्या, मान वर केली नाही.

१८ डिसेंबर

सकाळी गणराज शिफ्टला गेल्यावर सासूबाईंनी माझ्यासमोर दुधाची धुतलेली पिशवी ठेवली. आत पॉलिसी. नाव गवराबाई, अंगठा त्यांचा, तारीख ६ नोव्हेंबर २०१९. एकच हप्ता भरलेला, पुढे बंद.

"त्या सालच्या भाऊबीजेची हाय. पाटल्या मोडून भरल्या त्यानं. डबल हुतील म्हनला." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीस दिस म्हनली व्हतीस न्हवं?"

सहा वर्षं झाली, हे मला तोंडानं सांगवेना. म्हटलं, आई, निघोज्याला जाऊ या, मी बसते तुमच्याबरोबर.

चपला त्यांनी आधीच घातल्या होत्या.