सहा नंबरच्या टेबलाची टीप

मी, या कागदांच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय आधी वेटर, मग हेड वेटर, आता काही नाही, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री करायची असल्यास बावीस टेबलांच्या ऑर्डरी मला तोंडी सांगाव्यात, मी त्याच क्रमाने म्हणून दाखवीन. डाव्या कानाने कमी ऐकू येते, तेव्हा उजवीकडून सांगाव्यात. मला कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. बायको पलीकडच्या खोलीत मटार सोलत मध्येमध्ये बोलत आहे, पण त्याला दडपण म्हणता येणार नाही. ते अठ्ठेचाळीस वर्षे चालू आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कच्चा खर्डा वकीलबाईंना दाखवला. त्या लहान असताना वडिलांबरोबर आमच्या हॉटेलात जेवायला येत आणि सूप कधी संपवत नसत. वाचून म्हणाल्या, "काका, यातलं निम्मं कोर्टाला लागत नाही." मी म्हणालो, "ते निम्मं कोर्टासाठी नाहीच." त्यांनी एकच नियम बजावला: दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीची सही करायची नाही. केली तर त्याला दिलेले रद्द होते. मला हे पटले. जेवणाऱ्यानेच बिल तपासू नये.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर, आतल्या सामानासह, बायकोला. तिच्यानंतर मुलगा आणि मुलगी यांना सारखे. "ताई परदेशात असते, तिला काय करायचंय" असे मुलाने म्हणू नये. पान लांब मांडले म्हणून वाढप कमी करायचे नसते.

कलम २. बँकेत जे आहे ते बायकोचे. व्यवहार मुलाने पाहावा. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी त्यालाच नेमतो. त्याला हिशेब येतो. मला फक्त पाठांतर येत असे.

कलम ३. कपाटातली काचेची बरणी नातीला. तिच्यात एकेचाळीस वर्षांत पाहुण्यांनी दिलेली परदेशी नाणी आहेत, जी कोणतीही बँक बदलून देत नाही. घाईत असलेला पाहुणा खिशात हात घालतो आणि गेल्या देशातले उरलेले आपल्या हातावर ठेवतो. सुरुवातीला राग यायचा. नंतर वाटू लागले, तेवढेच घरबसल्या जग फिरून झाले. बरणीत एक कोटाचे बटणही आहे, ते फेकू नये. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते नाणे समजून माझ्या मुठीत दाबले आणि म्हणाले, "ठेवा, मुलांना खाऊ न्या." त्यांना दिसत कमी होते. मी म्हणालो, "आभारी आहे, साहेब." आजही आहे.

कलम ४. मोठा गोल ट्रे सुनेला. ती चार कप एका हातात आणते आणि दार कोपराने लोटते. हे शिकवून येत नाही. पांढरा कोट मुलाकडे राहू द्यावा. त्याला तो होणार नाही, पण राहू द्यावा.

कलम ५. मेहुण्याची छत्री मेहुण्याला परत द्यावी. बाकी काही नाही. हा गृहस्थ हॉटेलात बसला की आधी टेबलावर पाच नोटा मांडतो आणि वेटरला सांगतो, "चूक झाली की एक उचलणार." माझ्यासमोर त्याने हे तीनदा केले आणि तिन्ही वेळा पाचही नोटा उचलून नेल्या.

आत्ताच आतून आवाज आला, "माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच छत्री देतोय."

कलम ६. मी गेल्यावर जे लोक काम करतील, म्हणजे दवाखान्यातली आया, स्ट्रेचर ढकलणारा, गाडीवाला, यांना द्यायचे पैसे मी वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. ते कसे द्यायचे हे महत्त्वाचे. घडी करून, हातात, डोळ्यांकडे बघून. चारचौघांत दाखवून नाही आणि लांबून टाकून तर नाहीच. "चहापाण्याला" म्हणावे, "हे घ्या तुमचं" असे म्हणू नये. त्यांचे जे असते ते पगारात असते. हे आपले असते, म्हणून ते द्यायचे.

कलम ७. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले.

आमच्या डायनिंग हॉलचा एक रिवाज होता. कोणालाही टीप मिळाली की ती सगळ्यांच्या देखत, स्वयंपाकघराच्या दारापाशी टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात पडायची. शनिवारी दुपारी तो डबा मोठ्या टेबलावर उपडा करायचा आणि वाटण्या करायच्या. वेटर, भांडीवाली, फरशी पुसणारी, भाजी चिरणारा, सगळ्यांना सारखा वाटा. मालकाला हात लावू द्यायचा नाही. डब्याच्या झाकणाला फट पाडली होती काडीने.

काडी म्हणजे माझा मित्र. आम्ही एकाच आठवड्यात कामाला लागलो. अंगाने इतका वाळलेला, की आचारी म्हणाला, "ही आगपेटीतली काडी कुठून आणली?" नाव चिकटले ते चिकटले. तो मला राजे म्हणायचा. मी हेड वेटर झालो तेव्हा त्याने माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाला, "राजे, आता आम्हाला वळण लावा." आम्ही दोघे शनिवारी आमचे वाटे एकत्र करून फिल्टर कॉफी नाहीतर उसाचा रस प्यायचो, जे परवडेल ते. तसली चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. मिळणारही नाही, कारण ती कॉफीची नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वी एक परदेशी इंजिनिअर महिनाभर मुक्कामाला होता. कसली तरी यंत्रे बसवायला आला होता. दोन्ही वेळा जेवायला सहा नंबरला, काडीच्या टेबलावर. अतिशय सभ्य माणूस. जेवण झाले की नॅपकिनची घडी करायचा, खुर्ची आत सरकवायचा, कमरेत वाकून जायचा. आणि महिनाभरात त्याच्या टेबलावरून डब्यात एक नाणे पडले नाही.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. भांडीवाली म्हणाली, "एवढा वाकतो म्हणजे देत असणारच." काडी म्हणाला, "देत नाही. काय करू, हात पिरगाळू?" पण माझ्या धंद्यातल्या अकलेप्रमाणे असा माणूसच जगात नव्हता. चिक्कू असतात, उर्मट असतात, विसरभोळे असतात. इतका सभ्य आणि तरी काही न देणारा मी पाहिलेला नव्हता.

शेवटच्या दिवशी त्या पाहुण्याने काडीला दोन्ही हातांनी एक पाकीट दिले. मी खांबाशी उभा होतो. काडीने ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. डब्याशी गेला नाही.

शनिवारी वाटण्या व्हायच्या आधी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काडी, खिसा उलटा कर."

तो म्हणाला, "राजे, हे तुम्ही म्हणताय?"

"नियम सगळ्यांना सारखा."

त्याने ॲप्रन सोडला, नीट घडी केली, ट्रेवर ठेवली आणि मागच्या दाराने गेला. त्या आठवड्याचा त्याचा वाटा टेबलावर तसाच राहिला. पुढे कळले, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बेकरीत काउंटरवर लागला. मी त्या बाजूचा पाव आजपर्यंत खाल्लेला नाही.

पाच वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो. वाटेत एका देशात विमान बदलायचे होते. तिथे कॉफी प्यालो आणि पैसे बरोब्बर देऊन निघालो, तर वेटर मागे आला. बिलावर खाली छापलेला टीपचा आकडा मला दिसलाच नव्हता. त्याने तो बोटाने दाखवला. शरमलो, दिले. मुलीच्या गावी पोहोचल्यावर ही चूक होऊ द्यायची नाही असे ठरवूनच होतो. एका छोट्या खानावळीत जेवलो आणि बशीखाली चांगले जाड नाणे ठेवले. दोन गल्ल्या पुढे आलो, तो मागे कोणी धावत येण्याचा आवाज. खानावळीची मालकीण. माझ्याच वयाची बाई, ॲप्रनसकट, धापा टाकत. तिने दोन्ही हातांनी ते नाणे माझ्यापुढे धरले आणि कमरेत वाकली.

एका देशात दिले नाही म्हणून मागे आले, दुसऱ्यात दिले म्हणून. मला हसू फुटणार होते. पण ते वाकणे मी ओळखले. मुलीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, इथे टीप देत नाहीत. तुम्ही काम पैशांसाठीच नीट केलंत, असं म्हटल्यासारखं होतं ते. फारच मनापासून वाटलं तर माणूस चिठ्ठी लिहितो."

तो इंजिनिअर याच देशाचा होता.

मी परत आलो. बेकरीचा पत्ता मला ठाऊक होता. पाच वर्षांत बसस्टॉपपर्यंत सहा वेळा गेलो. बस यायची, मी दुसरीकडे बघायचो. बावीस टेबले तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलता येईना. म्हणून इथे लिहितो: काडी खरे बोलत होता, मी त्याला चोर ठरवले, आणि ती चूक सर्वस्वी माझी.

हॉटेल बंद झाले तेव्हा तो पत्र्याचा डबा मी घरी आणला. तो डबा, आणि त्यात मी जपून ठेवलेला त्याचा त्या शनिवारचा वाटा, माझ्यानंतर काडीला देण्यात यावा. मुलाने स्वतः नेऊन द्यावा आणि हे कलम त्याला वाचून दाखवावे.

कलम ८. हे कलम खर्ड्यात नव्हते.

काल संध्याकाळी बायकोने सातवे कलम वाचले. चष्मा काढून म्हणाली, "म्हणजे माफी पोराच्या हातून पाठवणार. आणि तीही मेल्यावर."

मी म्हणालो, "लेखी आहे."

"आणि तो आधी गेला तर? कोणाला वाचून दाखवायचं, पावाला?"

आज साक्षीदार म्हणून तळमजल्यावरचा शिंपी आणि समोरचा पोस्टातला कारकून येणार होते. शिंपी वेळेवर आला. कारकुनाला बायकोने परस्पर नको म्हणून सांगितले होते, हे मला नंतर कळले. ती सकाळीच "भाजी आणते" म्हणून बाहेर पडली होती. परत आली ती काडीला घेऊन. तो आणखी वाळला आहे. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी म्हणाल्या, सहीला माणूस कमी पडतोय."

मी सातवे कलम त्याच्या हातात दिले. त्याने ते उभ्यानेच वाचले, दोनदा. तेवढा वेळ शिंपी खिडकीतून रस्ता बघत होता.

"राजे," काडी म्हणाला, "खिसा उलटा कर म्हणालात. दाखव म्हणाला असतात तर दाखवलं असतं."

मी म्हणालो, "चुकलो."

"एवढंच बोलायला एकतीस वर्षं?"

"बस चुकत होती."

तो हसला नाही, पण खुर्ची ओढून बसला. आतल्या खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवले. कडा पिवळ्या पडलेल्या. आत एक कागद, परक्या लिपीतल्या चार ओळी. "कोणाला वाचता येत नाही. पण टाकवलंही नाही." घरी असलेल्या मुलाने फोनवर कागदाचा फोटो त्याच्या ताईला पाठवला. थोड्या वेळाने तिचा फोन आला आणि तिने वाचून दाखवले: तुम्ही रोज माझी खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवत होता. मी घरापासून दूर होतो. ते झाड बघत जेवताना मला दूर वाटले नाही. आभार.

"झाड होतं खरं," काडी म्हणाला. "तो पहिल्या दिवशी मान वळवून वळवून बघत होता. म्हटलं, मान कशाला दुखवायची."

मी त्या हॉलमध्ये हेड वेटर होतो. ती खुर्ची वळलेली मला महिनाभर दिसली नव्हती.

मग मी त्याला वकीलबाईंचा नियम सांगितला. साक्षीदार झालास तर डबाही नाही आणि वाटाही नाही. कारकुनाला पुन्हा बोलावता येईल. त्याने पेन मागितले.

"खोडा ते."

"अरे, तुझाच आहे तो वाटा."

"होता. आता साक्षीला बसलोय. माझ्या शब्दाला कागदावर किंमत आहे ना आज? मग तेवढं पुरे."

म्हणून सातव्या कलमाचा फक्त शेवटचा परिच्छेद, म्हणजे डबा आणि वाटा देण्याविषयीचा, मी रद्द करतो. बाकीचे सातवे कलम तसेच राहील. डबा घरातच खिळ्याला टांगलेला राहावा. ज्या वाट्याची मी एकतीस वर्षे राखण केली, त्याची उद्या शनिवार नसला तरी दोघांत कॉफी प्यावी, असे साक्षीदार क्रमांक दोनने सुचवले आहे. मी जिवंत असल्याने त्याला मृत्युपत्राची गरज नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर, त्यांच्या नजरेखाली सही केली.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
वार व वेळ: रविवार, महिन्याची अकरा तारीख, दुपारी चार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: तळमजल्यावरचा शिंपी. (सही) सही माझ्यासमोर झाली. कोटाचे एक बटण सैल आहे, लावून देईन.

साक्षीदार २: काडी, निवृत्त वेटर, सहा नंबर टेबल. (सही) सही माझ्यासमोर झाली. या कागदातून मला काहीही मिळालेले नाही. चहा मिळाला. खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती.