दोन दरांच्या मधलं स्टूल

धाकटे,

सगळ्यांत आधी धावत आला तो आमचा कारखान्यातला इस्त्रीवाला, आणि आल्या आल्या ओरडला, "आजी, पगार तपासणारे आलेत!" पुढचं सांगते, पण आधी तुला पोटभर आशीर्वाद, तुझ्या घरच्यांना नमस्कार, आणि गुडघा कसा आहे ते कळव. (डावा की उजवा ते विसरले, दोन्हींचं कळव.) माझी तब्येत ठणठणीत आहे. इतकी की सूनबाई म्हणते, आई, एखाद दिवस आजारी पडा, घराला जरा शांतता मिळेल. तोंडावर म्हणते, म्हणून मी मनावर घेत नाही. अक्षर मोठं आलंय त्याला नावं ठेवू नकोस, दोन यत्तांच्या शिदोरीवर एवढं पत्र ओढतेय.

तर आमचा शिलाई कारखाना तुला ठाऊक आहे, दोन खोल्यांचा. शहराची हद्द म्हणे मधल्या दारातून जाते. पुढची खोली शहरात, मागची शहराबाहेर. आम्हाला बापड्यांना इतकी वर्षं काय कळणार, छप्पर दोन्हीकडे सारखंच गळतं. पण मालकाला पक्कं ठाऊक होतं. कामगाराला कमीत कमी किती द्यायचं ते सरकार ठरवतं ना, ते किमान वेतन, ते सगळीकडे एक नसतं गं. शहरात जास्त, शहराबाहेर कमी, आणखी आत आडगावात गेलीस तर आणखी कमी. म्हणूनच मालकाने गेल्या वर्षी सगळ्या मशिनी "तिकडे हवा चांगली येते" म्हणून मागच्या खोलीत हलवल्या. (त्या खोलीला खिडकीच नाही.) आम्हीही वेड्या, चार दिवस "हो, हवा बरी आहे" म्हणत घाम पुसत होतो.

तपासायला दोघं आले. एक मोठे साहेब, जाड चष्म्याचे, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. दुसरी एक पोरगेलीशी बाई, ती मात्र चुरूचुरू बोलणारी, मला एकदम आवडली. तिने टेप काढली, जमीन मोजली आणि खडूने दारातून रेघ ओढली. आता आम्हा धागे तोडणाऱ्या सहा बायकांचं टेबल उजेडासाठी बरोबर दारातच असतं. रेघ आली ती थेट माझ्या स्टुलाखालून! दोन पाय शहरात, दोन बाहेर. मी बाईला विचारलं, "मी बसते बाहेर आणि कात्री चालते शहरात, तर पगार कमरेपासून वरचा धरणार की खालचा?" ती पोट धरून हसली. इस्त्रीवाल्याने तर इस्त्री तशीच ठेवली आणि एका डगल्याच्या पाठीवर तिचा ठसा उमटला. मालकाला कशाचं दुःख करावं तेच कळेना.

शेवटी बाई म्हणाली, कारखान्याचा दरवाजा शहरात उघडतो, तर सगळा कारखाना शहराच्या दरात. मालकाचा चेहरा असा उतरला, मला वाटलं खुर्ची द्यावी. बाईने असंही सांगितलं की तुझ्याकडे मोठ्या शहरात याच कामाला आमच्याहून जास्त देतात, कारण तिकडे घरभाडी महाग. मी म्हटलं, आमच्याकडे भाडं स्वस्त आहे हे एकदा आमच्या घरमालकाला येऊन सांगा, त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

इथवर सगळं आपल्या बाजूने. पण दर नुसता जागेवर नसतो, कामावरही असतो. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन पायऱ्या. शिवणारे कुशल, त्यात सूनबाई आली, छान झालं. मग बाई आमच्या टेबलापाशी आली तर मालक लगेच म्हणतो, "या होय? या नुसत्या धागे तोडतात. अकुशल लिहा." नुसत्या! मी गप्प बसले. (खरंच बसले, सूनबाईला विचार.) बाईने दोन डगले उलटे करून पाहिले, विचारलं, "वाकडी शिवण, सुटलेला टाका कोण शोधतं?" आम्ही म्हटलं, आम्हीच. "मग हे अर्धकुशल धरायला हवं, सहाही जणींना." आणि तिने पेनाचं टोपण काढलं.

शहाण्या बाईने इथे तोंडाला कुलूप लावलं असतं. पण मला ते "अर्ध" टोचलं गं. आयुष्यात मी अर्धवट असं काही सोडलं नाही. (शाळा सोडली, पण ती अख्खी सोडली.) उठले आणि ठणकावून सांगितलं, "कुशल लिहा बाई! चाळीस वर्षं कोटांची काजं हाताने केलीत मी. बटण असं बसायचं की कोट फाटेल पण काज उसवणार नाही!" मशिनी थांबल्या. सूनबाई माझ्याकडे अशी पाहत होती जणू मी तिच्या माहेरच्यांबद्दल काही बोलले. आणि तेवढ्यात मोठ्या साहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हाताने?"

"डोळे मिटून," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, माझे वडील शिंपी होते, हाताची काजं आता पाहायला मिळत नाहीत, आम्ही परत येऊ तेव्हा आजींनी एक करून दाखवायचं. आणि बाईला सांगितलं, तोवर या टेबलाचा निर्णय थांबवा, सहाही जणींचा. बाईने टोपण लावलं. मालक इतक्या वेळात पहिल्यांदा हसला. त्याचे दात मला कधीच आवडले नाहीत.

माझ्या शेजारी बसते ना ती उंचेली, सात माणसांत एका खोलीत राहणारी, तिने वाढत्या पगारावर दुसरी खोली बघून ठेवली आहे. ती हळूच म्हणाली, "आजी, तुम्हाला येतं ना?" मी म्हटलं, "अगं, हा काय प्रश्न झाला!" ती निवांत झाली. मीही निवांत आहे. आपल्या घराण्यात कुशल नाही असं कोणी जन्मलेलंच नाही. बाकी सर्व ठीक, तुझा गुडघा जप.

तुझी ताई

ता. क. चाळीस वर्षं कोटांची काजं तू केलीस, हे तुला आठवत असेलच. बोलण्याच्या भरात ती माझी झाली. तर सुई, मेण आणि जाड दोरा घेऊन मंगळवारी ये आणि मला शिकव. दोन दिवस पुष्कळ झाले, मी चटकन शिकते.

आणखी एक. काल सूनबाईच्या उशीच्या अभ्र्यावर करून पाहिलं. काजातून बटण गेलं, अंगठा गेला, आणि जरा जोर दिला तर फुलपात्रही गेलं. तेव्हा शिकवण्याचं राहू दे, माझ्या जागी तूच बस. चेहरा आपला एकच, तू फक्त वाळलेली. टेबलावरच्या पाचही जणी तुला आजी म्हणायला तयार आहेत. फक्त तोंड उघडू नकोस, तू फार खरं बोलतेस.

शेवटचं. हे पत्र सूनबाईने पाकिटात घालता घालता वाचलं. म्हणते, "आई, मावशींना जरूर बोलवा, पण स्टुलावर तुम्हीच बसा. काज येत नाही म्हणून सांगा आणि कात्री चालवून दाखवा. ती बाई अर्धकुशल लिहीतच होती, तुमच्यापायी पाच जणींचं अडलंय." उंचेलीची खोली डोळ्यापुढे आली आणि मी सूनबाईला "बरं" म्हटलं. (तारीख मांडून ठेव, असं पहिल्यांदाच झालं.) तर मी सांगणार आहे. पण इतक्या लोकांत खरं बोलायची मला सवय नाही, शेजारी तू असलेली बरी. बुधवारी मुक्कामालाच ये. साहेब आणि बाई गुरुवारी सकाळी येतो म्हणालेत.