ईलिंगचा जपान

ईलिंग, रविवार

तीर्थस्वरूप बाबा,

सविनय जय भीम. तुमची शुगर ताब्यात असेल आणि डब्याच्या जेवणाचा तिखटपणा सोसत असेल, अशी आशा करतो. आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे पराभूत आहोत. (फोन न करता पत्र लिहितोय, कारण या घरात फोनवर कुजबुजलेलंही आईंना वरच्या मजल्यावर ऐकू जातं.)

आईंच्या निवृत्ती समारंभात तुम्ही माइक हातात घेऊन 'इतिहास शिकवून कुणाचं पोट भरलंय?' म्हणालात, त्याची फळं आम्ही भोगतोय. 'आता शिकवत नाही, करूनच दाखवते,' म्हणत त्या इकडे विलायतेत लेकीकडे निघून आल्या. तेव्हा माझं नि स्नेहलचं भांडी कुणी घासायची यावरून युद्ध पेटलेलं. सिंकमध्ये ढीग, बोलणं फक्त व्हॉट्सॲपवर. आई बॅग खाली न ठेवताच म्हणाल्या, "हे तर पंचेचाळीस सालचं जपान! हरले तुम्ही दोघंही. आता मी ताबा घेणारी अमेरिका."

आठवड्याभरात त्यांनी घराची नवी घटना लिहिली (जपानचा मसुदाही तेवढ्यातच झाला होता म्हणे). आता आपल्या घरात घटना म्हटल्यावर विरोध कोण करणार? मी उभा राहून सही केली. सम्राटाला गादीवर ठेवलं, म्हणजे मला सोफ्यावर, अधिकार शून्य. सम्राटाने 'मी देव नाही' असं जाहीर करायचं असतं, म्हणून फॅमिली ग्रुपवर तसा व्हॉइस मेसेज टाकायला लावला. (त्यावर तुम्ही अंगठा दिलात. लक्षात आहे.) मग जमीनसुधारणा: माझ्या प्रोटीन पावडरचं कपाट कुळाला, म्हणजे तुमच्या नातीला, अन्वीला गेलं. बायकांना मताधिकार मिळाला. घरात बायका तीन आणि मी एक, तेव्हा निकाल काय लागतात ते तुम्हीच ओळखा.

सगळ्यात जाचक नववं कलम, युद्धाचा कायमचा त्याग. शेजारी आमच्या दारातल्या ड्राइव्हवर गाडी लावतो, तरी चकार शब्द काढायची सोय नाही. परवा नुसते खिडकीतून डोळे वटारले, तर तुमची नात ओरडली, "आजी, डॅडीनी कलम नाइन ब्रेक केली!" नुकसानभरपाई म्हणून मला त्याला सावजी मटण नेऊन द्यावं लागलं. आता तो गाडी तर लावतोच, वर जेवायलाही येतो.

घर मात्र उभं राहिलंय, बाबा. सिंक चकाकतंय, स्नेहल पुन्हा हसायला लागलीय. पण सत्ता परत कधी मिळणार, असं विचारलं की आई म्हणतात, "तह झाला की." कुणाशी, ते सांगत नाहीत. रोज जेवताना मात्र नागपूरचा फोन आला होता का, एवढं विचारतात.

तुमचा नामधारी जावई,
विक्रांत

ता. क. खरं काम राहिलंच. आईंना चार ओळी लिहा. 'माझं चुकलं' एवढंही पुरे.

ता. क. दुसरा: तशी घाई नाही. स्नेहलला नवी नोकरी लागलीय, अन्वीला शाळेतून आणायला कुणी नाही. उन्हाळा संपल्यावर लिहिलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा (लाल शाईत): पत्र तपासलं. ऑक्युपेशनमध्ये सेन्सॉर असतो, हे जावयाला कुणी शिकवलेलं दिसत नाही. अहो, चार ओळींनी भागायचं नाही. जपानचे पंतप्रधान तहावर सही करायला स्वतः सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. स्वेटर घेऊन या.

धम्मशीला