सुई माझ्याकडेच वळते

१७ मार्च
आज ठरलं. १६ एप्रिलला जिल्ह्याची कमिटी माझा खुला तास बघायला येणार. विषय: चुंबकत्व. पास झालो की उच्च श्रेणी. नारिनच्या या खोऱ्यात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय आणि श्रेणी अजून दुसरीच. निव्वळ राजकारण! मुख्याध्यापिका नुरजादा माझीच विद्यार्थिनी. याच धड्यात तिला मी पाचपैकी तीन दिले होते. आज म्हणते कशी, "अगाय, यावेळी तरी नीट तयारी करा हं." इथे सगळ्याच मास्तरांना अगाय म्हणतात, पण तिच्या तोंडून ऐकलं की कान तापतात.
संकल्प: रोज एक तास तयारी. उद्यापासून.

१८ मार्च
पाहुणे आले. तयारी नाही.

१९ मार्च
प्रयोगशाळेतलं नालाच्या आकाराचं चुंबक बाहेर काढलं. साधी टाचणी उचलेना. जुन्या कारखान्याचा माल, दुसरं काय! त्यात मुलं कशीही हाताळतात. मी मात्र जपूनच वापरतो, फक्त चहाच्या वेळी कुरुत फोडायला. वाळवलेल्या दह्याचे हे गोळे हल्ली दगडासारखे येतात, चार ठोके घालावेच लागतात. मग गंजू नये म्हणून शेगडीवरच्या फळीवर ठेवतो.
दुपारी वर्गात शिकवलं: चुंबक आपटू नये, तापवू नये, त्याची शक्ती जाते. मुलं एकमेकांकडे बघून हसली. शिस्त म्हणून राहिली नाही.

२० मार्च, दुपार
माझी बायको बुरुल ही गावातली गुरांची डॉक्टर. तिच्या बॅगेत बोटाएवढं गुळगुळीत चुंबक सापडलं. गाय वैरणीबरोबर खिळा, तार काहीही गिळते. मग हे तिच्या घशात सोडायचं, म्हणजे पोटातलं लोखंड त्याला चिकटून एका जागी राहतं. काय ओढ आहे! फ्रीजच्या दारावरून दोन्ही हातांनी उपटावं लागलं. असलं रत्न गायीच्या पोटात घालवायचं? विज्ञानाच्या कामासाठी उसनं घेतलंय. बुरुलला सांगितलं नाही, उगीच चर्चा होते. रुमालात गुंडाळून अगदी सुरक्षित जागी ठेवलंय. जागा इथे लिहीत नाही. बुरुल ही वही वाचते असा मला दाट संशय आहे.

२४ मार्च
नोरूझचा सण झाला. सुमोलोक तीन वाडगे. मोड आलेल्या गव्हाची सणाची खीर ती, म्हणजे पौष्टिकच. मेंढीच्या कातड्याच्या जाकिटाची बटणं आता लागत नाहीत, तरी अंगातून काढवत नाही. थंडी कुठे हटलीय?
ती सुरक्षित जागा आठवत नाहीये.

२५ मार्च
कपाट, रेडिओची मागची बाजू, पिठाचा डबा, जुने बूट. कुठेच नाही. शांत डोक्याने विचार केला तर आठवेल. म्हणून आडवा झालो. झोप लागली.

२९ मार्च
थोर दिवस!! शाळेच्या मैदानावर उत्तर-दक्षिण रेघ आखायची म्हणून होकायंत्र छातीजवळ धरून उभा राहिलो. सुई माझ्याकडे. पाठ फिरवली. पुन्हा माझ्याकडे. झेंड्याच्या खांबापाशी, कुंपणापाशी, संडासामागे, कुठेही जा, सुई वळणार ती माझ्याकडेच. अर्थ उघड आहे: गावाखाली लोखंडाची प्रचंड खाण आहे. ती माझ्या मागोमाग का सरकते, एवढंच काय ते सिद्ध करायचं राहिलंय. राजधानी बिश्केकच्या मोठ्या शास्त्रज्ञांना पत्र लिहायला घेतलं. पहिल्या पानावर नुसतं नावच: 'सागिनबाय विसंगती'. सागिनबाय म्हणजे अर्थात मी.

३१ मार्च
खाण नाही. मीच!
आज पेन खिशाला लावायच्या आधीच छातीला चिकटलं. किल्लीसुद्धा. रक्तातलं लोह असणार. काही माणसांचं व्यक्तिमत्त्व भारून टाकणारं असतं म्हणतात, पण इतकं असेल असं मलाही वाटलं नव्हतं. संकल्प: लोह टिकवण्यासाठी रोज कलेजी. बुरुलला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही चिकटता हे खरंय, पण गादीला." बाईला शास्त्रात गती नाही.

४ एप्रिल
आला खात नाही. आला म्हणजे आमची एकुलती एक दुभती गाय. पाठ कमानीसारखी वाकलीय, बसताना कण्हते. बुरुल म्हणाली, तार गिळलीय, नक्की. मग बॅग उलटी केली, चुंबक नाही. मला म्हणाली, "अहो, तुम्ही तर नाही ना घेतलंत?" मी म्हणालो, "माझ्याकडे कुठंय?" शब्दशः खरंच आहे, सापडत नाही म्हणजे माझ्याकडे नाहीच. दोलोनचा घाट बर्फाने बंद, बिश्केकहून नवं यायला दोन आठवडे.
घर पुन्हा पालथं घातलं. पिठाचा डबासुद्धा पुन्हा.

९ एप्रिल
आला इंजेक्शनांवर. दूध जेमतेम वाडगाभर. बुरुल गोठ्यातच बसून असते, तिची मान आपल्या मांडीवर घेऊन. दोनदा वाटलं, सांगून टाकावं. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. लाज वाटली मला माझी. तास झाला की नक्की सांगणार.

१४ एप्रिल
रंगीत तालीम. आमच्याकडची जुनी पद्धत: प्रश्न विचारला की सगळ्यांनीच हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. कमिटी खूश आणि कोणाला विचारायचं ते मला बरोबर कळतं. आज सगळे डावे. वर्गातली सगळ्यात हुशार आयचुरोक, तिचाही डावा. हरकत नाही. शेवटी सुई माझ्याकडे वळवून दाखवली की कमिटी खुर्चीतून उठेल.

१६ एप्रिल
नालाच्या चुंबकाने एक टाचणी उचलली. ती पडली. कमिटीच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
मी म्हटलं, असल्या साधनांची मला गरजच नाही. होकायंत्र छातीशी धरून वर्गभर फिरलो. सुई माझ्याकडे! मग विचारलं, "याचं कारण कोण सांगेल?" कोणालाच येणार नव्हतं, म्हणजे मग मीच सांगणार होतो.
सगळे हात वर. सगळे उजवे.
आयचुरोक उभी राहिली. "अगाय, तुमच्या जाकिटाच्या आतल्या खिशात चुंबक आहे. फळ्याजवळ गेलात की तुम्ही खडू ठेवायच्या पत्र्याला चिकटता. नोरूझपासून बघतोय आम्ही." नुरजादाने विचारलं, "अगं, मग सांगितलं का नाही?" तर म्हणते, "अगायनीच शिकवलंय, नीट तपासल्याशिवाय बोलायचं नाही. आम्ही तपासत होतो."
खिशात हात घातला. रुमाल. रुमालात ते.
कमिटी, टाचण्या, उच्च श्रेणी सगळं तिथेच टाकून धावत सुटलो. गोठ्यात बुरुलच्या हातात चुंबक दिलं आणि सगळं कबूल केलं, वहीत काय लिहिलं होतं तेही. तिने आधी ते आलाच्या घशात सोडलं. मग हात पुसत म्हणाली, "तुमची वही मी खरंच वाचत असते ना, तर या मुक्या जनावराला बारा दिवस सोसावं लागलं नसतं."

२२ एप्रिल
निकाल. 'विद्यार्थ्यांची निरीक्षणशक्ती उत्तम. शिक्षक तास अर्धवट सोडून पळाले. श्रेणी दुसरी कायम.' खाली नुरजादाने पेन्सिलने लिहिलंय: 'पाचपैकी तीन, अगाय. मलाही तेवढेच मिळाले होते.'
आला खातेय. आज बादली भरली.
संध्याकाळी जाकीट खुंटीला टांगून होकायंत्र गोठ्यात नेलं. आलाच्या बरगडीजवळ धरलं, सुई गर्रकन तिच्याकडे. मी या बाजूला गेलो, त्या बाजूला गेलो, छाती पुढे काढली. सुईने ढुंकूनही पाहिलं नाही.
बुरुल धार काढत होती. म्हणाली, "अहो, बाजूला व्हा. उजेड अडतोय."