बाराव्या मिनिटाची वायर

मी, कीथ आर्थर ऑर्मरॉड, वय एकोणसत्तर, राहणार बोल्टन, व्यवसाय रंगमंच तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहते घर बहीण बेरिल हिला द्यावे. मागच्या काचेच्या खोलीचे छत गळते. मेहुण्याने ते स्वतः दुरुस्त करायला जाऊ नये, एवढी एकच अट आहे.

२. बँकेतील शिल्लक अंत्यविधीपुरती आहे. त्या वेळी पडद्यावर माझे फोटो दाखवू नयेत. ते वेळेवर बदलणारा तिथे कोणी नसेल.

३. रसेल हॅलिवेल याला काहीही ठेवलेले नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "सुटलो. नाहीतर तू मला तो कुबट गालिचा ठेवला असतास." कलम चार त्याने अजून वाचलेले नाही.

एकतीस वर्षे तो विनोद करत आला आणि मी मागे बसून बटणे दाबत आलो. सुरुवात कामगारांच्या क्लबांतून झाली, स्लाइडचे दोन प्रोजेक्टर आणि बेरिलची एक चादर एवढ्यावर. पुढे चित्रफिती आल्या आणि त्याचा तो गाजलेला प्रकार आला: रंगमंचावरचा रसेल आणि पडद्यावरचा रसेल यांचे कडाक्याचे भांडण. पडद्यावरच्याने अर्धा सेकंद उशिरा तोंड उघडले तर कोणी हसत नाही. तो अर्धा सेकंद माझ्या बोटात होता आणि मला त्याचा भारी गर्व होता.

४. माझी सर्व हत्यारे, वायरी आणि प्रोजेक्टर श्रीमती मोराग डनेट, एडिनबर्ग, यांना द्यावेत. कारण लिहिणे भाग आहे.

ऑगस्ट २००३, एडिनबर्गचा महोत्सव. दुपारी जेवताना रसेल मला सहज म्हणाला, "पुढच्या वर्षी सगळं कॉम्प्युटरच करेल रे. बटण काय, कुणीही दाबेल." त्या दिवशीच्या प्रयोगाला टीव्हीवाले पहिल्या रांगेत होते. बाराव्या मिनिटाला मी टेबलाखाली हात घातला आणि प्रोजेक्टरची वायर उपटली. सगळ्यांदेखत त्याची फजिती व्हावी, एवढेच मला हवे होते.

पडदा काळा पडला. हॉलच्या इलेक्ट्रिशियन मोरागबाई धावत आल्या. त्यांना पाहून रसेल म्हणाला, "बाई, पाय तुमचा अडकला, पण आपटलो मी." लोक हसून बेजार झाले. पुढची चाळीस मिनिटे त्याने दोन्ही रसेल एकट्याने वठवले. टीव्हीचे काम त्याच प्रयोगाने मिळाले. तेव्हापासून वायरीत पाय अडकवणारी ही बाई त्याच्या प्रत्येक कार्यक्रमात येते, नावागावासकट.

सामान आवरताना त्यांनी मला विचारले, "कीथ, कुणाचा पाय अडकू नये म्हणून मी त्या वायरीवर दोनदा टेप मारली होती. तुम्ही बघितलंत ना?"

मी म्हणालो, "अंधार होता."

पुढच्या वर्षी त्यांना एकाही हॉलने बोलावले नाही. आता त्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. त्यांनी काहीही केलेले नव्हते. मी भित्रा माणूस आहे आणि याची मला एकवीस वर्षे लाज वाटते आहे.

५. उद्यापासून रसेलचा निरोपाचा दौरा सुरू होतो. लीड्सचा पहिलाच प्रयोग चित्रित होणार आहे आणि त्यातली शेवटची वीस मिनिटे मोरागबाईंवर आहेत. एकदा ते चित्रित झाले की कायमचे झाले. त्यामुळे हे कलम माझ्या मृत्यूनंतर उघडून उपयोग नाही.

साक्षीदाराने फक्त सही करायची असते. मजकूर दुमडून झाकला तरी चालतो, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. रसेल या क्षणी टेबलाच्या पलीकडे बसला आहे. शेजारच्या जूनबाई बिस्किटांचा पुडा फोडत आहेत. मी शुद्धलेखन तपासतो आहे असे त्याला वाटते. "अरे, मरतोयस की परीक्षा देतोयस?" असे त्याने दोनदा विचारले. मला दुसरा मित्र नाही, आणि पाच मिनिटांनी हाही असेल की नाही, सांगता येत नाही.

मी कागद दुमडत नाही. रसेल, सही करण्याआधी वाच.

वरील मजकूर माझा असून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

कीथ आर्थर ऑर्मरॉड
बोल्टन, ११ सप्टेंबर २०२४

साक्षीदार:

१. जून एन्टविसल, शेजारीण. (सही)

२. रसेल हॅलिवेल, विनोदकार. (सही)
वाचलं. दोनदा वाचलं. आज तुझ्याशी बोलणार नाही. उद्याची शेवटची वीस मिनिटं काढून टाकली. त्या बाई राहतात कुठे, तेवढं खाली लिहून दे.